पुराच्या रकान्यात निरंक

काय करता, असं कुणी विचारलं की मी सांगतो, जागा बघतो. समोरचा लगेच खुर्ची जवळ ओढतो आणि पुणे रोडला प्लॉट सध्या काय भावाने चाललेत ते विचारतो. मग सांगावं लागतं की मी विकत नाही, नुसता बघतो. शाळा, दवाखाना, गोदाम असं काही बांधायचं ठरलं की ती जागा खचेल का, तिथे पूर येईल का, वीज पडेल का, काळी माती फुगून भिंती तडकतील का, वाऱ्याने पत्रे उडतील का, हे बघून एक तक्ता भरून द्यायचा. भिंगारमधल्या आमच्या शेजाऱ्यांनी एकदा याचं सार काढलं होतं. "म्हणजे वाईट काय काय होईल ते सांगायचं. ते तर आमची ही फुकट सांगते."

पंचवीसेक वर्षं हे काम केल्यावर माणसाला वाटायला लागतं की जमीन आपल्याशी बोलते. मला तर वाटायचं, ती मला विचारल्याशिवाय हलतसुद्धा नाही. हाताखाली नवी पोरं आली की मी पहिल्या दिवशी तोंडपाठ करून घ्यायचो, "आधी नकाशा, मग माती, मग माणसं, आणि सगळ्यात शेवटी जेवण. जेवण आधी झालं की जागा चांगलीच दिसते." पोरं हसायची, मी खूश व्हायचो. आता ते वाक्य आठवलं की कानाच्या पाळ्या गरम होतात.

गाव पाथर्डीच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी. नाव सांगत नाही, कारण तिथली माणसं मला अजून चहा पाजतात आणि तो मला पुढेही प्यायचा आहे. दिवाळीच्या आगेमागे तिथून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. कोयते, भांडी, सरपण, एखादी शेळी, सगळं ट्रकमध्ये चढतं आणि त्यावर पोरंही चढतात. ती परत येतात तेव्हा शाळेचं वर्ष सरलेलं असतं आणि पाढे विसरलेले असतात. तिथल्या एक निवृत्त अंगणवाडी सेविका, सगळा गाव त्यांना बाई म्हणतो, गेली काही वर्षं अशा पोरांना हंगामभर आपल्या घरी ठेवून घेत होत्या. घर दोन खोल्यांचं. पोरं पायाला डोकं, डोक्याला पाय अशी झोपायची. जी मावत नसत, ती ट्रकमध्ये. मागच्या वर्षी एका संस्थेने महिनाभरात उभं राहणारं पत्र्याचं वसतिगृह बांधून द्यायचं कबूल केलं. बाईंनी आपली ओढ्याकडची दहा गुंठे जमीन देऊ केली. आता फक्त जागा सुरक्षित आहे असा कागद हवा होता, आणि तो द्यायला मी निघालो.

'ओढ्याकडची' असं मी आत्ता सहज लिहून गेलो. त्या दिवशी बाईंनीही सहजच म्हटलं होतं. मी विचारलं, "ओढा कुठे आहे?" त्या म्हणाल्या, "आता कुठला ओढा, साहेब? आमच्या सासऱ्याच्या वक्ताला हुता म्हनं. जेवून घ्या आदी."

आणि मी जेवलो. हुलग्याचे शेंगोळे, बाजरीची भाकरी, वर लसणाचा ठेचा. चैत्रातलं ऊन, पोट भरलेलं, पडवीत गार वारा. जेवताना बाईंनी एकच गोष्ट सांगितली. "साहेब, औंदा दिवाळीला एकबी पोर ट्रकात चढाया नगं. बास. येवढंच माझं हाय." मी ठेचा चाटत मान डोलावली. त्या क्षणी त्यांनी मला ती जमीन चंद्रावर आहे असं सांगितलं असतं तरी मी ती योग्य ठरवली असती.

शेतात गेलो तर बाईंचे दीर माझ्या आधी तिथे हजर. त्यांना सगळे तात्या म्हणतात. तात्या म्हणजे गावचे पाणाडे. कुठल्या जागी विहिरीला पाणी लागेल ते सांगणारे. तळहातावर नारळ आडवा ठेवून ते अनवाणी चालतात, आणि पाण्यावर पाय पडला की नारळ उभा राहतो अशी त्यांची ख्याती.

"तात्या, मी पाणी नाही शोधत," मी आधीच सांगून टाकलं.

"मंग खड्डं कशापाई खांदायचं?"

"माती बघायला."

"माती वरनं दिसतीच की! तेवढ्यासाठी खाली कशाला जाताय?"

भोवती जमलेली माणसं हसली. मीही हसलो. हे तात्यांना पुरेसं झालं. ते डोळे मिटून चालायला लागले, आणि शेताच्या साधारण मध्यावर नारळ खरोखरच डुलला, किंवा तात्यांनी डुलवला. "हितं!" ते ओरडले. चाचणी खड्डे कुठे घ्यायचे ते मी ठरवायचं असतं. त्याचे नियम आहेत, ते मी पोरांना शिकवतो. पण म्हाताऱ्या माणसाचं मन मोडवेना, शिवाय शेंगोळे अजून पोटात होते. म्हटलं, घ्या इथंच.

वर हात-दोन हात मऊ काळी माती. एक दगड नाही. मी वहीत लिहिलं, 'उत्तम.' खाली चिकणमाती, आणि तिच्या खाली वाळू. वाळूत गोटे होते, अंड्यासारखे गोल गुळगुळीत. एक तर इतका सुंदर होता की टेबलावर कागद दाबायला होईल म्हणून मी तो खिशात टाकला. कुठलाही पहिल्या वर्षाचा विद्यार्थी सांगेल की डोंगराचा दगड असा गोल व्हायला त्याला वर्षानुवर्षं पाण्याने लोळवावं लागतं. मला ते त्या क्षणी सुचलं नाही, कारण तेवढ्यात वाळू काळसर दिसायला लागली, मग ओली, आणि मग टिकाव मारणाऱ्याच्या टाचेपाशी पाणी चमकलं.

चैत्रात! ज्या गावात टँकर आला की चालू शाळेतून पोरं हंडे घेऊन पळतात, तिथे छातीएवढ्या खड्ड्यात पाणी!

"लागलं! पानी लागलं!" असा एकच ओरडा झाला. कुठून कुठून माणसं धावत आली. एका म्हातारीने बोटं बुडवून डोळ्यांना लावली. तात्यांनी तो नारळ तिथेच फोडला. आणि मी? मी बूट काढले आणि खड्ड्यात उतरलो. माझंही बालपण याच जिल्ह्यात, कोरड्या आडाच्या काठावर रांगेत गेलेलं आहे. पाणी लागलं म्हटल्यावर माझ्या अंगात जे आलं ते इंजिनिअरिंग कॉलेजच्या आधीचं होतं. मी दोन्ही हातांनी पाणी उडवलं. आतला इंजिनिअर तिथेच कुठेतरी काठावर उभा असणार. पण गर्दी फार होती, त्याला कुणी पुढे येऊ दिलं नाही.

मग रीतसर टोपी, टॉवेल, नारळ देऊन माझा सत्कार झाला. तात्या म्हणाले, "सायबाचा पायगुन." बाकीचे दोन खड्डे मी घेतलेच नाहीत. सत्कार झाल्यावर पुन्हा खड्डे खणणं बरं दिसत नाही.

भिंगारला येऊन तक्ता भरला. भूकंप, सौम्य. वीज, तडितरक्षक बसवावा. उष्णता, छताला पांढरा रंग द्यावा. माती, काळी, पाया खोल घ्यावा. मग पूर. त्या रकान्यापाशी लेखणी जरासुद्धा अडखळली नाही. लिहिलं, 'निरंक. तालुका अवर्षणप्रवण.' आणि खाली शेऱ्यात, कुणी न विचारता, 'जागेवर उथळ पाणी उपलब्ध, ही मोठी जमेची बाजू.' जो मुद्दा वाचून माझ्या हाताखालच्या पोराला मी पट्टीने मारलं असतं, तो मी जमेची बाजू म्हणून लिहिला, आणि खाली झोकदार सही केली. गावाचा जुना नकाशा मागवला होता, तो अहवाल गेल्यावर टपालाने आला. गुंडाळी कपाटावर टाकली. आता काय करायचाय?

मंजुरी यायला पावसाळा उजाडला. भाद्रपदात भूमिपूजन ठरलं. मला खास आमंत्रण होतं, आणि मी खास भाषण लिहिलं होतं. त्यात 'विज्ञान' हा शब्द अकरा वेळा होता. मोजून घातला होता.

दुपारचं लख्ख ऊन होतं. तिकडे डोंगरावर ढग काळे झालेले दिसत होते, पण आमच्या डोक्यावर पावसाचा थेंब नाही. शेतात मांडव, खुर्च्या, माईक. जमिनीवर पांढऱ्या फक्कीने वसतिगृहाची आखणी केलेली होती. हे स्वयंपाकघर, ही अभ्यासाची खोली, ही झोपायची मोठी खोली. बाईंनी यंदा राहणाऱ्या सगळ्या पोरांना त्या मोठ्या खोलीच्या रेघांच्या आत ओळीने बसवलं होतं, ज्याने-त्याने उद्या झोपायचं त्याच जागी.

"खिडकीपाशी मी!" एक पोरगी भांडत होती.

"खिडकी कुठंय गं अजून?" बाई म्हणाल्या.

"व्हईल तवा मी!"

प्रमुख पाहुण्यांचा पत्ता नव्हता. तासाभराने पोरं चुळबुळायला लागली. जेवण वर माळावर, शाळेत शिजत होतं आणि पुरीचा वास खालपर्यंत येत होता. बाई उठल्या. "चला रे, जेवून घ्या."

इथे मी मध्ये पडलो. हो, मीच. "बाई, बसू द्या ना जरा. पाहुणे येतीलच. माझं छोटंसं भाषण आहे. मुलांना कळेल की आपली जागा कशी शास्त्रीय पद्धतीने निवडली." बाई थांबल्या. मी साहेब होतो, सत्कार झालेला. पोरं परत बसली. दहा मिनिटं गेली. पंधरा गेली. मी भाषणाच्या कागदाची सुरळी करत होतो, उलगडत होतो.

मग बाई पुन्हा उठल्या, आणि या वेळी माझ्याकडे बघितलंही नाही. "साहेब, भाषन काय शिळं व्हत न्हाई. पुऱ्या व्हत्यात. चला रे, उठा!"

पोरं भुर्र उडाली. माळ चढून गेलीसुद्धा. मला राग आला होता, आणि तो मी इथे प्रामाणिकपणे नोंदवतो. श्रोत्यांशिवाय उभा राहिलेला वक्ता म्हणजे वरातीशिवाय घोडा. मी त्या झोपायच्या खोलीत, फक्कीच्या रेघेवर, एकटाच फुरंगटून उभा होतो.

तेवढ्यात रस्त्याच्या वळणाच्या बाजूने घरघर ऐकू आली. भरलेला ट्रक चढावर यावा तसा आवाज.

"आलं पाव्हनं!" तात्या उठले. "लई गाड्या दिसत्यात."

मी टोपी नीट केली, टेबलावरचा हार उचलला आणि आवाजाच्या दिशेने सामोरा गेलो. मी हार घेऊन पुराच्या स्वागताला गेलो. असं करणारा या व्यवसायातला मी पहिलाच असेन.

वरच्या बांधाच्या कडेने आधी कचरा आला. काटक्या, वाळली पाचट, एक प्लास्टिकची घागर, सगळं उभ्याने चालत आल्यासारखं. मला कळेना, कचरा आपला आपण कसा येतोय. मग त्याच्या मागे तपकिरी भिंत दिसली. माणूस किंचाळतो वगैरे सगळं खोटं. मी हार धरून बघत राहिलो. तात्यांनी कॉलर धरून मला मागे ओढलं, "सायेब, व्हा की भायेर!" आणि आम्ही सगळे खुर्च्या लाथाडत माळाच्या चढावर धावलो. एक बूट राहिला. हार हातातच होता, तो का सोडला नाही कोण जाणे.

वर येऊन वळून बघितलं. पाणी कुठेही इकडेतिकडे पसरलं नाही. जणू त्याला वाट तोंडपाठ होती. ते वरच्या बांधावरून सरळ स्वयंपाकघरात शिरलं, तिथून मोठ्या खोलीत, आणि फक्कीच्या रेघा पुसत पलीकडच्या कोपऱ्यातून निघून गेलं. मांडवाचे बांबू थरथरत होते. माईकची पेटी एकदा गिरकी घेऊन गेली. आणि ज्या जागी खिडकी होणार होती, तिथे बाभळीचा एक अख्खा फांदा अडकून उभा राहिला. पोरं उठून गेल्याला किती वेळ झाला होता? एक पुरी खाऊन होईल एवढासुद्धा नाही.

मी तिथेच चढावर बसलो.

आणि मग जे झालं त्याने मी पुराहून जास्त हादरलो. माझ्या भोवती माणसं नाचायला लागली. "ओढा आला! ओढा आला!" कित्येक वर्षांत त्यांनी तो वाहताना बघितला नव्हता. तरुण पोरांनी तर जन्मात बघितला नव्हता. ते मोबाईल धरून शूट करत होते. पाणी थोडं ओसरल्यावर बायका हळद-कुंकू, खण, नारळ घेऊन आल्या आणि त्यांनी काठावर उभं राहून ओढ्याची ओटी भरली. ज्या जागी अर्ध्या तासापूर्वी पोरं मांडी घालून बसली होती, तिथे नारळ वाहत गेला. तात्यांनी पाण्याला दंडवत घातला, उठले, आणि ओल्या डोळ्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "सायेब, तुमचा पायगुन म्या तवाच वळखला हुता!"

मला ओरडून सांगायचं होतं, अहो, पोरं मेली असती. पण त्यांचा आनंद अगदी खरा होता. आणि मी कुठल्या तोंडाने ओरडणार होतो? चैत्रात खड्ड्यात उतरून मीही हेच केलं होतं.

त्या सगळ्या गर्दीत एकटी बाई नाचत नव्हती. त्या शाळेच्या व्हरांड्यात पोरं मोजत होत्या. एकेकाच्या डोक्याला हात लावून. संपलं की पुन्हा पहिल्यापासून. पोरांना तो खेळ वाटला. ती मोजून झाली की पळत ओळीच्या शेवटी जाऊन बसायची, आणि बाईंचा आकडा चुकायचा. तिसऱ्या वेळी त्या कडाडल्या, "हलू नगा म्हनलं ना!" बाईंना मी तेव्हा पहिल्यांदा ओरडताना ऐकलं.

मांडवाच्या बांबूंवर चिखलाची रेघ उमटली होती. मी जवळ जाऊन उभा राहिलो. माझ्या छातीला लागत होती.

बाईंनी घरून प्लास्टिकची फाईल आणली. "वाचा," म्हणाल्या. "पुराचं काय लिवलंय त्येवढंच."

मी वाचलं. "निरंक."

"म्हंजी?"

"म्हणजे... काही नाही."

"मला म्हाईत हाय म्हंजी काय. अंगनवाडीचं रजिस्टर तीस वर्सं लिवलंय. तुमच्या तोंडून ऐकायचं हुतं."

भिंगारला पोचल्यावर, चिखलाच्या कपड्यांनिशी, मी कपाटावरची गुंडाळी काढली. नकाशावर बाईंचं शेत होतं, आणि त्याच्या बरोबर मधून दोन वाकड्या रेघा जात होत्या, जशा ओढ्याच्या काढतात तशा. बाईंच्या सासऱ्यांनी दुष्काळात तलावातला काळा गाळ आणून ओढा बुजवला होता आणि वर ज्वारी पेरली होती. तात्यांनी हे फोनवर अभिमानाने सांगितलं. मी विचारलं, हे तेव्हा का नाही सांगितलंत? "तुमी इचारलंच न्हाई. तुमी म्हनलात, माती बघायचीय." त्यांचं खरं होतं. ती मऊ, बिनदगडाची, उत्तम माती तलावातली होती. खालची वाळू ओढ्याची. आणि पाणी त्याचं स्वतःचं.

दोन दिवसांनी बाईंच्या पडवीत बैठक बसली. टोळ्या निघायला महिना-सव्वा महिना उरला होता. जागा बदलायची तर मंजुरीचे कागद पुन्हा फिरवावे लागणार आणि तोवर ट्रक निघून जाणार. तात्यांनी तोड काढली. "जोतं चार फूट उचला. ओढा खालनं जाईल, पोरं वर ऱ्हातील. कागुद हाय तसा ऱ्हाऊ द्या. सायबाचं नावबी ऱ्हाईल."

खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं. माझ्या डोक्यात वाक्यही तयार झालं, 'जोत्याची उंची वाढवल्यास जागा योग्य.' एका ओळीत माझी सुटका होत होती. शिवाय बाईंचंही काम वेळेत होत होतं. ट्रक रिकामे गेले असते. सगळ्यांचं भलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात बाईंनी विचारलं, "चार फूट म्हंजी कितवीतलं पोर?"

कुणाला कळलं नाही.

"हितं किती यील?" त्यांनी हात हवेत धरला. "म्हंजी चौथीतलं. मंग पैली, दुसरी, तिसरीतलं चुकून खाली उतरलं त्या टायमाला, तर?" मग माझ्याकडे वळल्या. "तुमी सांगा. ह्या येळी जेवायच्या आदी सांगा."

मी सांगितलं. म्हणालो, तिथे बांधू नका. जोतं उचलूनही नाही. माझा पहिला कागद चूक आहे.

तात्या उठून गेले. जाताना म्हणाले, "वैनी, ट्रक काय थांबनार हाय का ह्यांच्या चुकीसाटी?" बाईंचा चेहरा बघून मला वाटलं होतं, निदान 'बरं झालं खरं बोललात' एवढं तरी म्हणतील. नाही म्हणाल्या. जेवायलाही थांबवलं नाही.

संस्थेच्या कार्यालयात वेगळाच धक्का. तिथल्या वरिष्ठांनी माझं नवं पत्र दोनदा वाचलं आणि प्रेमाने समजावलं, "'चूक' कशाला लिहिता? 'परिस्थितीत बदल झाला आहे' लिहा. चूक म्हटलं की ती कुणाची तरी असते."

"माझी आहे."

"अहो, पण कागदावर कशाला?"

मी कागदावरच ठेवली. त्यानंतर त्या कार्यालयाने मला जागा बघायला बोलावलेलं नाही, आणि त्यात त्यांचं काही चुकतंय असं मला वाटत नाही.

नवी जागा शाळेशेजारी माळावर मिळाली. कडक मुरूम, पाण्याचा टिपूस नाही, त्यामुळे गावात ती कुणालाच नको होती. कागद फिरले, पण दिवाळीपर्यंत जेमतेम पाया भरून झाला. शाळेने दोन वर्गखोल्या दिल्या. या वर्षी पोरांनी तिथे राहायचं, असं बाईंनी ठरवलं. खोल्या चांगल्या होत्या, उंचावर होत्या, मी त्यांचा कोपरान्कोपरा तपासला. पण गावाने आता दोन गोष्टी ऐकल्या होत्या. पहिली, साहेबाने जागा चांगली सांगितली होती. दुसरी, तिथे पूर आला. आता तोच साहेब तिसरं काही सांगत होता.

ट्रक निघाले त्या सकाळी मी गेलो होतो. का गेलो, ठाऊक नाही. बाई दारोदार फिरून आल्या होत्या. काही पोरं शाळेत आली, काही ट्रकमध्ये दिसत होती. बाई मोजत नव्हत्या. एक आई ट्रकच्या फाळक्यापाशी उभी होती, कडेवर एक पोर, हाताला धरून एक पोरगी. खिडकीसाठी भांडणारी तीच. बाई तिला समजावत होत्या.

आईने माझ्याकडे बघितलं. "ह्येच का ते सायेब?"

"व्हय," बाई म्हणाल्या.

"त्या वढ्यातली जागा चांगली म्हनलं हुतं त्येच?"

"हो, मीच," मी म्हणालो.

"आन् आता ही चांगली म्हनताय."

"ही मी नीट बघितली आहे."

"तवा न्हवती का बगितली?"

तक्त्यातला प्रत्येक रकाना मला भरता येतो, हा आला नाही. मी म्हणालो, "नाही. तेव्हा नव्हती बघितली."

ड्रायव्हरने हॉर्न दिला. मग तिने पोरीचा हात बाईंच्या हातात दिला. तिचं गाठोडं काढून खाली ठेवलं. आणि कडेवरचं पोर तसंच घेऊन फाळक्यावर चढली.

"अगं, त्यालाबी दे," बाई म्हणाल्या. "जागा हाय. दोघंबी ऱ्हातील एकत्र."

"थोरलीला ठिवते, बाई. तुमच्यासाटी." मग माझ्याकडे हात करून, काही राग नाही, भांडण नाही, भाव विचारावा तशा आवाजात म्हणाली, "ह्यांच्या भरवशावर दोन्ही न्हाई ठिवायची."

ट्रक हलला. पोरगी बाईंच्या हातातून हात सोडवून काही पावलं पळाली आणि थांबली. धाकटं आईच्या खांद्यावरून मागे बघत होतं, आणि का कुणास ठाऊक, मलाच टाटा करत होतं. मी हात वर केला. खाली घ्यायला बराच वेळ लागला.